कोऱ्यालाच टॉवेल

प्राण्यांच्या झुंजीचा एक गेम आहे. निरनिराळे प्राणी पाळायचे, त्यांना डावपेच शिकवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचं. ह्या गेममध्ये कापडाचा एक पट्टा मिळतो. लढाईत उतरण्याआधी तो प्राण्याच्या अंगावर बांधून ठेवायचा. मग समोरच्यानं कितीही मोठा घाव घालू दे, एका दणक्यात खेळ आटपेल असा, तरी पट्टा बांधलेला प्राणी आडवा होत नाही. नखाएवढा जीव उरतो आणि पट्टा संपतो. एकदाच कामाला येतो. बावा इंग्रजी शाळेतला, तो त्याला सॅश म्हणायचा. माझ्या अक्कानं ते चित्र पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली, "हा टॉवेल आहे की." मग तो टॉवेलच झाला. आमच्या घरात पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत आम्ही, जिकडं हात टाकावा तिकडं टॉवेल. कापडाचा लांबट तुकडा दिसल्यावर दुसरं काय म्हणणार?

आता हे अक्का, बावा कोण ते सांगते, नाहीतर घोटाळा होईल. आम्ही सोलापूरचे, विणकर, घरात तेलुगू बोलतो. गल्लीत मराठी, दुकानात मराठी, भांडणात दोन्ही. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. नान्ना म्हणजे वडील, अत्ता म्हणजे आत्या, आणि बावा म्हणजे अत्ताचा मुलगा. पण बावा म्हणजे नुसता आतेभाऊ नव्हे. आमच्यात मामाची मुलगी आत्याच्या मुलाला देतात, त्यामुळे बावा म्हणून हाक मारली की त्यात होणारा नवराही आला. अक्का पाळण्यात असतानाच अत्तानं तिला मागून ठेवलं होतं. कुर्डुवाडीहून आली की दारातूनच ओरडायची, "माझी कोडलू कुठाय?" कोडलू म्हणजे सून. अक्का चहा टाकायला आत पळायची. मी कोपऱ्यात बसून दात काढायची. मला कुणी मागितलं नव्हतं, त्यामुळे मला पळायची गरज नव्हती.

तर टॉवेल. त्याला एक अट होती आणि ती कुणीतरी पक्क्या हरामखोर माणसानं घातली असणार. प्राणी पूर्ण धडधाकट असेल तरच टॉवेल चालणार. आधी साधा ओरखडा उठला असेल, जिवाची ती हिरवी पट्टी केसभर जरी कमी झाली असेल, तर टॉवेल अंगावर असून नसल्यासारखा. म्हणजे ज्याला काही झालेलं नाही त्यालाच आधार, आणि ज्याला आधीच लागलंय त्यानं मरावं. मी ह्यावरून बावाशी भांडले होते, जणू काही तो गेम त्यानंच बनवलाय. नान्ना मागे उभे राहून ऐकत होते. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण म्हणाले, "म्हणजे कोऱ्यालाच चालतो म्हणा की."

कोरा म्हणजे मागावरून उतरलेलं, पाणी न लागलेलं कापड. मराठीतही कोरा आणि आमच्या तेलुगूतही कोराच. धंद्यातला शब्द, आमच्या तोंडात रोजचा. नान्नांचं ते वाक्य आम्हाला इतकं आवडलं की खेळताना आम्ही तेच ओरडायचो. कोऱ्यालाच टॉवेल, कोऱ्यालाच टॉवेल. अम्मा स्वयंपाकघरातून म्हणायची, गप बसा, कोरं काय नि धुतलं काय, भांडी घासायला या.

अक्काचं काम चेकिंगचं. बारावीनंतर ती त्याच टेबलाशी बसली ती अजून तिथंच आहे. शिवून आलेला प्रत्येक टॉवेल ती पसरते, उलटा करते, काठावरून अंगठा फिरवते आणि डावीकडं किंवा उजवीकडं टाकते. डावीकडं फ्रेश, उजवीकडं सेकंड. तेलाचा डाग असला, सेकंड. धागा तुटून जाळी पडली असली, सेकंड. सेकंड माल वजनावर जातो आणि त्यातला बरा आमच्या घरात राहतो. टॉवेल बनवणाऱ्यांच्या घरात आजवर कुणी फ्रेश टॉवेलनं तोंड पुसलेलं मी बघितलं नाही. माझं काम घडी घालून गठ्ठे बांधायचं आणि फोनवरच्या ऑर्डरी बघायचं. मी ग्रॅज्युएट आहे, ते घडी घालताना उपयोगी पडतं.

कोऱ्या टॉवेलची एक गंमत सांगते. कोरा टॉवेल दिसायला झकास, पण त्यानं अंग पुसून बघा. पाणी टिपतच नाही, नुसतं अंगावर पसरवतो. दोन-तीनदा धुतला, उन्हात वाळला, पिळला, की मग कामाचा होतो. हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. गिऱ्हाईक कोराच मागतं.

बावा मे महिन्याच्या सुट्टीत यायचा. मामा, म्हणजे अत्ताचा नवरा, रेल्वेत होते, त्यामुळे कुर्डुवाडीहून येणंजाणं त्याला घरच्यासारखंच. त्याच्याकडं गेमची दोन डबडी होती, एक त्याचं नवं आणि एक जुनं, ज्याची बटणं दाबताना कचकच वाजायची. जुनं डबडं अक्काकडं. दोघं मागच्या खोलीत खाटेवर समोरासमोर बसायचे, डबड्याला डबडं जोडायचे आणि लढायचे. मी मध्ये बसून दोन्ही पडद्यांत तोंड घालायची. अक्का त्याच्यापेक्षा चांगली खेळायची. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, बावाही मानायचा. तिचा आवडता प्राणी अगदीच फुसका होता, फुंकर मारली तर पडेल असा, पण चपळ. त्याला ती टॉवेल बांधायची. समोरचा खुशीत येऊन सगळ्यात मोठा घाव घालायचा, हा नखाएवढ्या जिवावर उभाच, आणि मग त्याची पाळी. त्या एका पाळीत अक्का असा डाव टाकायची की समोरच्याचं कंबरडं मोडायचं.

"टॉवेल वाचवत नसतो गं," ती मला म्हणाली होती. "पुढच्या घावाला मरणारच आहे की. टॉवेल फक्त एक पाळी देतो."

बावानं ह्यावर तोड काढली. पहिल्याच पाळीला तो वाळूचं वादळ उठवायचा. वाळूनं कुणी मरत नाही, पण प्रत्येक पाळीला थोडं खरवडलं जातं. अक्काचा प्राणी केसभर खरवडला की तो कोरा राहिला नाही, टॉवेल गेला बाराच्या भावात. मग बावा आरामात, हसत, साधासा घाव घालून त्याला आडवा करायचा.

"सरळ मार की रे," अक्का चिडायची.

"सरळ मारलं तर टॉवेल आडवा येतोय," बावा म्हणायचा. "आधी जरा खरवडायचं. मग मोठा घाव लागतच नाही."

तेव्हा मला वाटायचं काय डोकं आहे ह्याचं. आता वाटतं, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण खेळावरून माणूस कोण ओळखतं? आणि अक्काला ओळखायचंही नव्हतं. तिला बावा हवा होता. हे मी स्पष्टच लिहिते, कारण नंतर आमच्या घरात सगळे असं बोलायला लागले की तिचं काही विशेष नव्हतं, मोठ्यांनी ठरवलं होतं म्हणून ती हो म्हणत होती. खोटं आहे. तो पुण्याला नोकरीला लागला, सुट्टीत येणं कमी झालं, तरी ते जुनं डबडं ती चार्ज करून ठेवायची. मधल्या काळात तिला दोन-तीन चांगली स्थळं आली. एक तर आमच्याच गल्लीतलं होतं, स्वतःचे माग असलेलं. नान्नांनी विचारल्यावर ती मान खाली घालून म्हणाली, अत्ताला शब्द दिलाय ना. शब्द तिनं दिला नव्हता, पण ती तो पाळत होती.

मग एका थंडीत तिच्या डाव्या मनगटावर आतल्या बाजूला एक पांढरा ठिपका आला. मसुराच्या दाण्याएवढा. आम्हाला वाटलं भाजलं असेल. मग त्याच्या शेजारी अजून एक आला आणि दोन्ही एक झाले. कातडीच्या डॉक्टरांनी दिवा लावून बघितलं आणि म्हणाले कोड आहे, दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही, मलम देतो, घाबरू नका. अम्मा त्या कोड शब्दानंतर काही ऐकतच नव्हती. रिक्षात बसल्या बसल्या ती म्हणाली, "घरी नान्नांना सोडून कुणाला बोलायचं नाही." आणि वाटेतच रिक्षा थांबवून तिनं अक्काला घड्याळ घेऊन दिलं. रुंद पट्ट्याचं, पुरुषी. तिच्या काडीसारख्या मनगटावर ते हातकडीसारखं दिसायचं.

अम्माचं म्हणणं, सुपारी फुटेपर्यंत घड्याळ काढायचं नाही. नान्नांचं म्हणणं, ताईला सांगून टाकू, आपलीच आहे. असं म्हणायचे आणि फोन मात्र करायचे नाहीत. नान्नांचं सगळं तसंच. आणि अक्का मला म्हणाली, "बावाला मी सांगणार आहे. त्याला काय फरक पडतोय?" तिला खरंच तसं वाटत होतं. मला तेव्हा तिची कीव आली नाही, राग आला. इतकं सरळ असणं म्हणजे आ बैल मुझे मार.

दिवाळीनंतर अत्ता आणि बावा सुपारीचं ठरवायला आले. मामांना सुट्टी नव्हती. नान्नांनी बहीण येणार म्हणून सकाळपासून माग बंद ठेवले. हे लक्षात ठेवा. आमच्या घरात माग चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि गल्लीला आमच्या घरातलं काही ऐकू जात नाही. त्या दिवशी घर असं शांत होतं की चहाची बशी ठेवलेली बाहेर कळावी.

जेवणं झाली. पुरणपोळ्या झाल्या, अत्तानं तूप अजून मागून घेतलं, अक्काच्या गालाला हात लावून "माझी कोडलू वाळली गं" म्हणून झालं. मोठी माणसं पुढच्या खोलीत लवंडली. बावानं पिशवीतून आपलं नवं डबडं काढलं आणि अक्काला म्हणाला, "आहे का तुझं जुनं? होऊ दे की एक डाव." मागच्या खोलीत तीच खाट, तेच दोघं समोरासमोर, मी मध्ये. सगळे आता घोडे झालो होतो, तरी मला क्षणभर मे महिन्यासारखं वाटलं.

खेळायच्या आधी अक्कानं घड्याळ सोडून उशीवर ठेवलं. मनगट उलटं करून त्याच्यापुढं धरलं आणि म्हणाली, "हे बघ. हे आलंय. डॉक्टर म्हणाले काही होत नाही. तुला माहीत असावं म्हणून."

बावानं बघितलं. हात लावला नाही, पण नीट बघितलं, चेकिंगला बसल्यासारखं. मग हसला. म्हणाला, "कोडलूला कोड." आमच्या दोन भाषा एकमेकींत अडकवून त्यानं केलेला विनोद. आधीचा शब्द तेलुगू, नंतरचा मराठी, आणि दोन्ही कळणारी माणसं ह्या शहरात ढिगानं. अक्काही हसली. तिला वाटलं, चेष्टा करतोय म्हणजे मनावर घेतलं नाही. तिनं विचारलं, "मग?"

"मग काय? त्यात काय एवढं? खेळ," बावा म्हणाला.

ती खेळली. तिनं त्या फुसक्या प्राण्याला टॉवेल बांधला होता, इतक्या वर्षांनी. बावानं पहिल्या पाळीला वाळू उठवली. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो नेहमीसारखाच हसत होता. अक्का हरली आणि खूश होती. "अजून तसाच आहेस मेल्या," म्हणाली. तो पाणी पिऊन येतो म्हणून उठला आणि पुढच्या खोलीत गेला. बराच वेळ आला नाही. अक्कानं घड्याळ पुन्हा बांधलं, कारण अम्मानं दारातून डोळे वटारले होते.

चहाला सगळे पुढच्या खोलीत बसले. अत्ता खुर्चीवर, नान्ना जमिनीवर बंद मागाला टेकून, बावा दाराशी मोबाईलमध्ये. अक्का चहा घेऊन आली. अत्तानं कप घेतला नाही. गोड आवाजात म्हणाली, "कोडलू, घड्याळ छान आहे गं. बघू."

अक्कानं हात पुढं केला.

"असं नाही. काढून दे की. मला पण घ्यायचंय असलं."

भिंतीवर, अत्ताच्या बरोब्बर डोक्यावर मोठं घड्याळ टिकटिकत होतं. अक्कानं ट्रे खाली ठेवला आणि पट्टा सोडला. अत्तानं घड्याळ घेतलंच नाही. तिनं मनगट धरलं, दोन बोटांनी, पदर मध्ये घेऊन. उजेडाकडं वळवलं आणि नान्नांना दाखवलं, जणू नान्नांना माहीत नव्हतं. "पट्ट्याखाली ऊन लागलं नसेल, म्हणून पांढरं पडलंय, व्हय रे तम्मुडू?" तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. नान्ना साठीला आलेत, तरी तिला तम्मुडूच.

मी बावाकडं बघितलं. तो मोबाईलवर बोट फिरवत होता. त्यानं बाहेर जाऊन आईला सांगितलं होतं, आणि आता खरवडायचं काम आईकडं देऊन मोकळा झाला होता. मला त्याचं डोकं त्या मागावर आपटावंसं वाटलं. ते अजूनही वाटतं.

"मी काही शब्द मोडणारी बाई नाही," अत्ता म्हणाली. "ह्या घरातून सून नेईन म्हणाले होते, ह्याच घरातून नेणार. धाकटी द्या."

धाकटी म्हणजे मी. दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, हातात शेंगाचटणीची पिशवी, कारण अत्ता जाताना चटणी नेते आणि मी ती भरून आणली होती.

नान्नांनी पाणी मागितलं. अम्मा माझ्याकडं बघत होती. मी अम्माला ओळखते. तिच्या तोंडावर आधी धक्का होता, मग हिशेब आला, आणि मग माझ्या डोळ्यांसमोर तिच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. ती म्हणाली, "धाकटी तर धाकटी. लांब तर जात नाही. घरातच राहील." हे तिनं अक्का तिथं उभी असताना म्हटलं. अक्काचं मनगट अजून अत्ताच्या दोन बोटांत होतं. सोडवून घ्यायचंही तिला सुचत नव्हतं.

"तुला काय वाटतंय रे?" अत्तानं मुलाला विचारलं.

बावानं मान वर केली. माझ्याकडं बघून हसला. तेच हसू. म्हणाला, "मला चालेल."

माझ्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते मला धड आठवत नाही. त्याग वगैरे मुळीच नव्हता. नुसता संताप होता. कानशिलं तापली होती आणि चटणीची पिशवी इतकी आवळली होती की गाठ सुटून बोटं तिखट झाली. मला फक्त एवढं दिसत होतं की ही माणसं एकीला उजवीकडं टाकून दुसरीला डावीकडं ठेवायला निघालीत, आणि घडी घालायचंही काम त्यांनी माझ्याकडंच दिलंय.

"मी कोरी नाही, अत्ता," मी म्हणाले.

अत्ताला आधी कळलं नाही. तिनं माझ्या मनगटांकडं बघितलं.

"तिथं नाही. तिथं काही नाही. पण मी कोरी नाही. सेकंड माल आहे. बावाला चालेल का?"

माग बंद होते. माझं वाक्य खोलीतून दारात, दारातून गल्लीत गेलं. समोरच्या घरात शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं. बावाच्या तोंडावरचं हसू गेलं, आणि ते जाताना बघायला मला मिळालं, एवढं एक माझ्या पदरात पडलं. अम्मानं उठून माझ्या थोबाडीत मारली. मग दुसरी मारली. नान्ना म्हणाले, "पाणी आण गं कुणीतरी." अत्तानं अक्काचं मनगट सोडलं आणि पदर झटकला.

ते खरं होतं की खोटं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अम्मानं देवापुढं उभं करून विचारलं, तरी सांगितलं नाही. इथंही सांगणार नाही. कापड माझं आहे आणि चेकिंग मी कुणाला करू देणार नाही.

अत्ता संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "चटणी राहिली की." अम्मानं दुसरी पिशवी भरून दिली.

मला वाटलं होतं, अक्का रडेल, माझ्या गळ्यात पडेल. असलं काहीतरी. मी मागच्या खोलीत खाटेवर बसून गाल चोळत होते. ती आली, जुन्या डबड्याची वायर काढली, गुंडाळली आणि दोन्ही पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"मग काय करायचं होतं? हो म्हणायचं होतं त्याला?"

"एक तरी फ्रेश गेली असती ह्या घरातून," अक्का म्हणाली. "आता दोन्ही सेकंड घरात."

थोबाडीतलं विसरले मी. हे विसरले नाही. तिला मला दुखवायचं होतं आणि तिला बरोबर कुठं मारायचं ते माहीत होतं, चांगली खेळाडू होती ती. आणि तिचं म्हणणं चुकीचं होतं असंही मला म्हणता येत नाही. गल्लीनं माझं वाक्य मंगळवेढ्यापर्यंत नेलं. माझ्यासाठी कुणी विचारत नाही. कधी कुणी विचारलंच, तर विचारणारा बिजवर असतो आणि आम्ही उपकार मानावेत अशा थाटात बसतो. मी त्यांना भरपूर चटणी वाढते आणि उठून जाते. अक्काचा पांढरा डाग मनगटावरून पंजावर आलाय. घड्याळ ती आता बांधत नाही. ते मी घालते, मला पुरुषी घड्याळ शोभतं.

आम्ही दोघी बोलतो. एका टेबलावर दिवसभर काम करायचं म्हटल्यावर बोलावंच लागतं. पण ते सगळं मालाबद्दल असतं.

पुढच्या वर्षी बावाचं लग्न ठरलं. पुण्याकडची मुलगी, त्याच्याच ऑफिसातली. अत्ताचा नान्नांना फोन आला. लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी द्यायची, तर टॉवेल माहेरचेच पाहिजेत. दुसरीकडून घेतले तर लोक काय म्हणतील, भाऊ टॉवेलवाला आणि बहीण बाजारातून आणते? नान्ना फोनवर हो हो म्हणाले. फोन ठेवून आमच्याकडं न बघता ते मागाकडं गेले. मी म्हणाले, "नान्ना, लाज वाटत नाही?" ते म्हणाले, "बहीण आहे." आणि माग सुरू केला. माग सुरू झाला की त्यांना काही ऐकू येत नाही, हे त्यांच्या फार सोयीचं आहे.

टॉवेल विणले गेले. पिवळे, काठाला लाल नक्षी, अत्तानंच रंग सांगितला होता. शिवून आले आणि अक्काच्या टेबलावर आले. ती पसरायची, उलटा करायची, काठावरून अंगठा फिरवायची. डावीकडं, उजवीकडं. मी घडी घालायची. तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का म्हणून मी सारखी बघत होते. काही दिसत नव्हतं. ती प्रत्येक टॉवेल तितकाच वेळ बघत होती जितका एरवी बघते. मला वाटलं होतं निदान हा माल ती घाईघाईनं उरकेल.

नवरदेवाचा टॉवेल वेगळा असतो. आहेराच्या ताटात तो वर ठेवतात, मग उलगडून त्याच्या खांद्यावर टाकतात, सगळे फोटो त्याच्यासकट निघतात. तो मीच निवडायचा असं ठरवलं होतं. उजवीकडच्या ढिगात मला एक सापडला. कोपऱ्यात मागाच्या तेलाचा डाग होता, मसुराच्या दाण्याएवढा. मी ती उचलेगिरी अक्काचं लक्ष नाही असं बघून केली. डाग आतल्या बाजूला जाईल अशी घडी घातली, वर लाल फीत बांधली आणि फ्रेशच्या गठ्ठ्यावर अगदी मधोमध ठेवला. मांडवात, सगळ्यांसमोर, त्याच्या खांद्यावर तो उलगडेल. अत्ता बघेल. मला आतून गुदगुल्या होत होत्या. इतक्या दिवसांनी मला बरं वाटत होतं.

अक्कानं हातातला टॉवेल बाजूला ठेवला. हात लांब करून गठ्ठ्यावरचा तो टॉवेल उचलला, फीत सोडली, घडी उलगडली. शोधावं लागलंच नाही. पांढरा पडलेला अंगठा थेट त्या डागावर गेला.

ती काहीतरी म्हणाली. माग चालू होते, मला ऐकू आलं नाही. मी कान पुढं केला.

"डाग आहे," ती ओरडून म्हणाली. "त्यांच्यात चालत नाही."

आणि तो टॉवेल उजवीकडं टाकून तिनं पुढचा पसरला. मी तिच्याकडं बघत राहिले, तर तिनं बोटानं माझ्यापुढचा ढीग दाखवला, घडी घाल म्हणून.

तो टॉवेल आता आमच्या मोरीच्या खिळ्यावर आहे. आम्ही दोघी त्यालाच तोंड पुसतो. चांगला निघाला. पाणी लगेच टिपतो.